दोन चौकटींच्या मधली जागा

सांगलीत कृष्णाकाठच्या गल्ल्यांमधून हिंडताना घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा दिसतात. काही ठिकाणी रंगाने आखलेली रेघ, काही ठिकाणी नुसता ओलीचा डाग, आणि शेजारी साल. २००५ ची रेघ खाली, २०१९ ची तिच्याहून वर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांवर गेले होते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. भिंतीवरच्या या दोन रेघांच्या मधे चौदा वर्षे आहेत, पण त्या चौदा वर्षांविषयी भिंत काहीच बोलत नाही. मधल्या काळात नदीचे पात्र कसे बदलले, पूररेषेच्या आत कोणी काय बांधले, हे पाहणाऱ्याने आपले आपण भरून घ्यायचे.

या रेघांची आठवण आम्हांला एका जपानी पुस्तकामुळे झाली. शिगेरू मिझुकी या चित्रकाराचा ‘शोवा’ हा चित्रमय इतिहास जपानीत १९८८-८९ च्या सुमारास आठ खंडांत निघाला आणि १९८९ साली त्याला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. झॅक डेव्हिसन यांचे इंग्रजी भाषांतर कॅनडातील ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’ या प्रकाशनाने २०१३ ते २०१५ या काळात चार जाडजूड खंडांत काढले. प्रत्येक खंड पाचशेहून अधिक पानांचा आहे. ‘शोवा’ म्हणजे सम्राट हिरोहितोंची कारकीर्द, डिसेंबर १९२६ ते जानेवारी १९८९. एवढ्या काळाचा इतिहास चित्रांच्या चौकटींतून सांगायचा आणि त्यातच आपल्या घरचीही हकिकत गुंफायची, असा हा उद्योग आहे. ‘चित्रकादंबरी’ हा शब्द आपल्याकडे अजून पुरता रुळलेला नाही, आणि शाळेत अशी पुस्तके दप्तराच्या तळाशी लपवण्याच्याच लायकीची ठरतात. विज्ञानविषयक मासिकात त्यांचे काय काम, असेही कोणी विचारील. काम आहे, आणि ते पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणापासून सुरू होते.

शोवा काळ डिसेंबर १९२६ मध्ये सुरू झाला, पण मिझुकींचे पुस्तक सुरू होते ते १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपापासून. म्हणजे पुस्तकाच्या नावातला काळ सुरू होण्याआधी तीन वर्षे! लेखकाने हे चुकून केलेले नाही. भूकंपात तोक्यो आणि योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त झाली. सरकारने व्यापाऱ्यांच्या थकलेल्या हुंड्यांना हमी दिली, त्या हुंड्या बँकांच्या गळ्यात अडकून राहिल्या, आणि त्यातूनच १९२७ साली बँका कोसळल्या. पुढे मंदी, बेकारी, लष्कराचा वाढता जोर, मांचुरिया, चीन आणि शेवटी महायुद्ध. पाने उलटत जावे तसतशी ही साखळी वाचकाच्या मनात पक्की होत जाते.

येथेच शिक्षकाने थांबावे असे आम्हांला वाटते. चित्रकथेत दोन चौकटी शेजारी आल्या की वाचक त्यांच्यातला संबंध स्वतःच जोडतो. पहिल्या चौकटीत हात उगारलेला असतो, दुसरीत गाल लाल असतो. चपराक मात्र कोणीच काढलेली नसते. ती वाचकाच्या डोक्यात बसते. हे चित्रकथेचे बळ आहे, आणि धोकाही हाच. ‘नंतर’ घडलेली गोष्ट ‘त्यामुळे’ घडलेली वाटू लागते. भूकंपामुळे युद्ध झाले, असे मिझुकी कोठेही म्हणत नाहीत. पण पहिला खंड मिटताना नववीतल्या मुलाला विचारा, तो बहुधा तसेच सांगेल. भूकंप आणि १९२७ ची बँकांची पडझड यांतला दुवा अर्थशास्त्राचे अभ्यासकही मान्य करतात. तेथून युद्धापर्यंतची वाट मात्र अनेक फाट्यांची आहे, आणि प्रत्येक फाट्यावर माणसांनी निर्णय घेतलेले आहेत.

सातारा-सांगलीच्या शिक्षकाला हा मुद्दा समजावून देण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. कोयनेचेच घ्या. शिवाजीसागरात पाणी साठवायला १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत त्या भागात लहान लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला, कोयनानगर पडले आणि सुमारे १८० माणसे दगावली. दख्खनचे पठार तोवर स्थिर मानले जाई, त्यामुळे धक्का शास्त्रज्ञांनाही बसला. आता याच्या दोन चौकटी काढा. पहिलीत धरण भरते, दुसरीत घरे पडतात. मधली जागा लोकांनी लगेच भरली आणि दोष धरणाला दिला. शास्त्रज्ञांनाही तशी शंका होतीच, पण शेजारी चौकटी आहेत एवढ्यावर त्यांना थांबता येत नव्हते. भूकंपांची केंद्रे जलाशयाच्या जवळच्याच पट्ट्यात येतात का, पाण्याची पातळी चढउतरते तसे धक्क्यांचे प्रमाण बदलते का, हे वर्षानुवर्षे नोंदून पाहावे लागले. पुढे दक्षिणेला चांदोली येथे वारणेचे धरण भरू लागले आणि १९९३ च्या सुमारास धक्क्यांचा जोर त्या बाजूलाही वाढलेला दिसला. निसर्गानेच जणू प्रयोग पुन्हा करून दाखवला. या पट्ट्यात १९६७ पासून ५ किंवा त्याहून अधिक प्रतीचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. त्यांचे कारण खोलवर जाऊन तपासण्यासाठी कराडजवळ केंद्र सरकारची भूभौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधणविहीर खणण्यात आली. एवढ्या खटाटोपानंतर मिळणारे उत्तरही ‘धरणामुळे भूकंप’ इतके सुटसुटीत नाही. खडकातला ताण आधीपासूनचा आहे, भेगाही आधीच्याच. पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपून वाढणारा पाण्याचा दाब यांनी तो ताण सुटायला निमित्त दिले. बंदुकीत गोळी आधीच होती, पाण्याने चाप ओढला, असे फार तर म्हणता येईल.

सांगलीच्या पुराची चौकटही अशीच आहे. कर्नाटकात अलमट्टीचे धरण भरू लागले आणि त्यानंतर २००५ व २०१९ चे महापूर आले, म्हणून अलमट्टीमुळेच सांगली बुडाली, हे येथे इतक्यांदा बोलले जाते की मुले ते पाढ्यासारखे म्हणतात. २०१९ च्या पुराची चौकशी करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र अलमट्टीवर दोष ठेवला नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि पात्रातली अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. समितीचा निष्कर्ष सगळ्यांना पटला आहे असे नाही, आणि वाद अजून चालू आहे. वाद व्हावाच. पण तो दोन चौकटींच्या मधल्या जागेत पाण्याच्या नोंदी, पातळ्या आणि वेळा भरून व्हावा. असा वाद कसा घालावा, हे पाचशे पानांच्या चित्रकथेवर सराव करून शिकता येते, असे आमचे म्हणणे आहे. तेथे कोणाची जात, गाव किंवा पक्ष आड येत नाही.

कांतो भूकंपाची एक बाजू शिक्षकाने आपल्याकडून सांगायला हवी. धक्का बसला तो ११ वाजून ५८ मिनिटांनी. घराघरांत दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकूड आणि कागदाची, आणि त्या दिवशी वाराही जोराचा होता. भूकंपाची प्रत ७.९ होती, पण दगावलेल्यांपैकी दहांत जवळजवळ नऊ जण आगीने मेले. एका लष्करी कापडगोदामाच्या मोकळ्या मैदानावर लोक सामानसुमान घेऊन आसऱ्याला जमले होते. तेथे आगीचा भोवरा उठला आणि सुमारे ३८,००० माणसे एका जागी जळाली. मृतांचा आकडाही शिकवण्याजोगा आहे. बरीच वर्षे तो १ लाख ४० हजारांच्या वर सांगितला जाई. पुढे अभ्यासकांना दिसले की बेपत्ता आणि मृत यांच्या याद्यांत तीच माणसे दोनदा मोजली गेली होती. आता सुमारे १ लाख ५ हजार हा आकडा धरतात. त्याहून भयंकर गोष्ट पुढे घडली. कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत, आगी लावताहेत, अशी आवई उठली, आणि शेजाऱ्यांनीच टोळ्या करून हजारो कोरियन माणसे ठार केली. ही मरणे भूकंपाच्या प्रतीत मोजता येत नाहीत. १९६१ साली पानशेत फुटल्यानंतर पुण्यात ‘पुन्हा पाणी आले’ अशी हूल उठून लोक जीव घेऊन पळाले होते. आपल्याकडे अफवेने पळापळ झाली, तिकडे कत्तल. फरक कशाने पडला, याची वर्गात चर्चा करण्यासारखी आहे.

आता चित्रांविषयी. मिझुकींची पद्धत पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटते. मागचा देखावा छायाचित्रावरून उतरवल्यासारखा काटेकोर असतो. पडक्या इमारती, जहाजे, विमाने, जंगलातली पाने, सारे बारीक ठिपक्या-रेघांनी भरलेले. आणि त्यापुढे उभी असतात ती बाळबोध, गोल डोळ्यांची, दात पुढे आलेली माणसे. सुरुवातीला आम्हांला हा विजोड वाटला. दुसऱ्या खंडापर्यंत त्याचा अर्थ लागू लागला. जग खरे, जड आणि न हलणारे आहे. त्यातली माणसे मात्र कोणाच्याही फटकाऱ्याने पुसली जावीत इतकी साधी. तरीही एक खबरदारी सांगायला हवी. छायाचित्रासारखे चित्र पुराव्यासारखे वाटते. ते छायाचित्र मुळात कोणी काढले, लष्कराच्या छायाचित्रकाराने की वार्ताहराने, आणि चौकटीबाहेर काय राहिले, हा प्रश्न मुलांनी विचारायला हवा. वर्तमानपत्रातले पुराचे छायाचित्र पाहतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

इतिहास सांगायचे काम मिझुकींनी उंदीरमाणसाकडे दिले आहे, हाही त्यांचा खास खोडकरपणा. ‘नेझुमी-ओतोको’ हे त्यांच्याच ‘किटारो’ या गाजलेल्या भुताखेतांच्या मालिकेतले पात्र. ते लबाड, लोभी आणि अर्धे भूत आहे. जपानी वाचकाला त्याची कीर्ती ठाऊक असते, आणि तोच येथे मास्तरांसारखा तारखा आणि करार समजावून सांगतो. इतिहास सांगणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हा धडा त्यात आपोआप आला. मराठी मुलांना मात्र हे कोणी सांगितल्याखेरीज कळणार नाही, त्यांना तो नुसता विदूषक वाटेल.

हे नाते आपल्याला अगदीच परके नाही. मिझुकी युद्धानंतर काही काळ ‘कामिशिबाई’साठी चित्रे काढून पोट भरत. रस्त्यावर मुले जमवून एकेक चित्र पुढे सरकवत गोष्ट सांगायची, असा तो खेळ. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटी चित्रे दाखवीत रामायण-महाभारतातल्या कथा गातात, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या टेकडीवरचे संग्रहालय ज्यांनी उभे केले, ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. राज्य चालवता चालवता त्यांनी चित्ररामायण रंगवले. चित्रांतून गोष्ट सांगणे हलक्या दर्जाचे आहे, असे निदान औंधच्या आसपासच्या शिक्षकांनी तरी म्हणू नये.

पुस्तकाचा गाभा घरच्या हकिकतीत आहे. मिझुकींचा जन्म १९२२ चा. बालपण साकाईमिनातो या समुद्रकाठच्या गावात गेले. वडील कुठल्याही नोकरीत फार टिकत नाहीत, पण त्याचे त्यांना विशेष दुःखही नाही. घरी येणारी एक म्हातारी, नोन्नोन्बा, मुलांना भुतांच्या गोष्टी सांगते. मुलांच्या टोळ्या लुटुपुटीच्या लढाया खेळतात. चित्रकाराला झोप आणि खाणे यांचे भारी वेड, त्यापायी शाळा आणि नोकऱ्या सुटतात. मग सैन्यात भरतीचा कागद येतो. त्यांना न्यू ब्रिटन बेटावरच्या राबौलला पाठवले जाते. एका पहाटे ते पहाऱ्यावर असताना तुकडीवर हल्ला होतो, सगळे मारले जातात, हे एकटे जंगलातून, समुद्रातून अनेक दिवसांनी परततात, आणि वरिष्ठ त्यांना खडसावतात की तू जिवंत कसा? पुढे हिवताप, त्यात विमानांचा हल्ला, आणि डावा हात गुंगीचे औषध न देता कापावा लागतो. हे सारे ते एका हाताने, आणि पुष्कळदा हसत हसत, काढतात. १९७३ साली त्यांनी याच अनुभवावर एक वेगळी युद्धकथा काढली होती. ‘शोवा’मध्ये तीच घटना इतिहासाच्या प्रवाहात ठेवल्यामुळे तिचा आकार लहान होतो, आणि आम्हांला वाटते, त्यामुळेच ती जास्त लागते. पाच पाने सेनापती आणि करार यांची, आणि मग एक पान हात गमावलेल्या पोराचे.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मिझुकींचे थोरले बंधू तोफखान्यातले अधिकारी होते. युद्धकैद्यांना ठार केल्याच्या आरोपावरून युद्धगुन्हेगार म्हणून त्यांना शिक्षा झाली आणि सुगामो तुरुंगात राहावे लागले. एका भावाचा हात गेला, दुसऱ्याच्या हातून गुन्हा घडला, आणि दोघेही एका आईचे. कुटुंब आणि युद्ध यांची खरी गाठ येथेच होती. ती सोडवायला लेखक फार वेळ थांबत नाहीत. पोटच्या दुःखाविषयी इतके मोकळे बोलणारा माणूस भावाच्या बाबतीत हात आखडता घेतो. आम्ही त्यांना दोष देत नाही, पण वाचक म्हणून आम्हांला अधिक हवे होते.

त्या काळातली आणखी एक गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने जोडावी. १० सप्टेंबर १९४३ रोजी तोत्तोरी भागात, म्हणजे मिझुकींच्याच प्रांतात, ७.२ प्रतीचा भूकंप होऊन हजाराहून अधिक माणसे दगावली. ७ डिसेंबर १९४४ ला तोनांकाई भूकंप आणि त्सुनामी, त्यातही हजाराहून अधिक बळी. युद्ध चालू असल्यामुळे कारखान्यांचे नुकसान शत्रूला कळू नये म्हणून बातम्या दाबल्या गेल्या. तोनांकाईच्या दुसऱ्या दिवशी युद्धारंभाचा वाढदिवस होता, त्यामुळे वृत्तपत्रांत त्याची शोभा वर आणि भूकंप कोपऱ्यात. शेजारच्या प्रांतातल्या माणसालाही आपल्या नातलगांचे काय झाले ते कळेना. भूकंप निसर्गाने केला, त्याचे मौन सरकारने केले.

याच सुमाराला आपल्याकडे काय चालले होते? सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. १९४३ मध्ये या सबंध भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते, कुंडलसारख्या गावांतून माणसे भूमिगत होती. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांतून मात्र पोरे इंग्रजांच्या सैन्यात जात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान पडले. एकाच घरात एक भाऊ भूमिगत आणि दुसरा पलटणीत, असेही झाले असणार. मिझुकींसारखी वही काढायची म्हटले तर येथल्या घरांत चौकटींना तोटा नाही. प्रतिसरकार, १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५, २०१९. पाटण तालुक्यातल्या मिरगाव, आंबेघर, ढोकावळे या गावांवर जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळल्या. तेथल्या आजीआजोबांकडे कोयनेच्या भूकंपाचीही चौकट आहे.

मुलांकडून असे काम करवून घ्यायचे असेल तर सहा चौकटींपुरते घ्यावे. तीन घरच्या, तीन गावच्या. प्रत्येक दोन चौकटींच्या मधे पेन्सिलीने लिहायला लावावे: ‘नंतर’ की ‘त्यामुळे’? ‘त्यामुळे’ लिहिले तर ते कशावरून, हेही. आम्ही हे थोड्या मुलांबरोबर करून पाहिले. बहुतेकांनी आधी सगळीकडे ‘त्यामुळे’ लिहिले आणि कारण विचारल्यावर निम्मे खोडले. एकाने धरणाच्या चौकटीशेजारी ‘माहीत नाही, पातळीची नोंद पाहिजे’ असे लिहिले होते.

पुस्तक इंग्रजीत आहे, महाग आहे, आणि लढाईची काही चित्रे लहान मुलांना दाखवण्याजोगी नाहीत. शाळेच्या ग्रंथालयाने चारही खंड एकदम घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. पहिला खंड घ्यावा, तो आधी शिक्षकांनी वाचावा, आणि नववी-दहावीच्या मुलांपुढे निवडक पाने ठेवावीत. दुसऱ्या खंडाला हात घालण्यापूर्वी पॅसिफिक महासागराचा मोठा नकाशा भिंतीवर लावून ठेवावा. राबौल सापडायला मुलांना बराच वेळ लागतो.